खंडानंतरचे बारा आठवडे : व्यायामाच्या प्रकल्प नोंदी

रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

जुनी वही आज कपाटातून काढली. शेवटची नोंद २५ जानेवारीची आहे : '५ किमी, ३१ मिनिटं ४० सेकंद. पाय हलके.' दुसऱ्याच दिवशी पायरी चुकली आणि डावा घोटा मुरगळला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सहा आठवडे सांगितले होते. बरोबर सहा आठवड्यांनी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, त्यांनी घोटा सगळीकडून दाबून, वळवून पाहिला आणि 'आता हळूहळू सुरू करा' असं सांगितलं.

वही उघडेपर्यंत ही तारीख माझ्या लक्षातच नव्हती. कुणी विचारलं की 'घोट्यामुळे व्यायाम बंद आहे' असंच मी सांगत आले. पण घोट्याचे फक्त सहा आठवडे होते. पुढच्या साडेपाच महिन्यांचा घोट्याशी काही संबंध नाही.

मार्चमध्ये मी एकदा बाहेर पडले होते. जानेवारीच्या वेगानेच निघाले, आठशे मीटरवर धाप लागली, बरगडीखाली कळ आली आणि चालत घरी परतले. ती धाव वहीत लिहिलीच नाही. खरा खंड त्या दिवशी सुरू झाला असं आता वाटतं.

उद्यापासून बारा आठवडे. उद्दिष्ट : पुन्हा सलग ५ किमी. आठवड्यातून तीन दिवस चालणं-पळणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, दोन दिवस विश्रांती. वय ४४. मागच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून रक्तदाब तपासून घेतला, सगळं ठीक आहे.

सोमवार, १ सप्टेंबर

आज फक्त मोजणी.

सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली : ७१. जानेवारीत ६० ते ६१ असायची. बैठका, पाठ वाकायला लागेपर्यंत : १६. पूर्वी ४०. गुडघे टेकून जोर : ७.

टाच उचलण्याची चाचणी मात्र बघण्यासारखी झाली. भिंतीला दोन बोटं लावून एका पायावर उभं राहायचं, टाच पूर्ण वर न्यायची, सावकाश खाली आणायची. उजव्या पायावर १९ झाल्या. डाव्या पायावर पाचव्यालाच पोटरी थरथरायला लागली, सहाव्याला दोन बोटांच्या जागी अख्खा तळवा भिंतीवर टेकला होता, आठव्याला टाच जेमतेम बोटभर उचलली गेली. नववी झालीच नाही. घोटा दुखत नव्हता, अजिबात नाही. ताकदच नव्हती. दुखणं गेलं म्हणजे पाय पूर्वीसारखा झाला, हे मी मार्चपासून गृहीत धरून बसले होते.

डोळे मिटून एका पायावर : उजवा १४ सेकंद, डावा ५. मुरगळण्यात घोट्याचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी बांधून ठेवणारे पट्टे, ताणले जातात, आणि पाय कुठे कसा टेकलाय याची खबर मेंदूला देणारी यंत्रणाही त्यांच्याबरोबर दुखावते. ती आपोआप पूर्ववत होईल असं नसतं, तिचा वेगळा सराव करावा लागतो.

बुधवार, ३ सप्टेंबर

सोमवारी मोजणी झाल्यावर थांबायला हवं होतं. उत्साहात बैठकांचे आणखी तीन संच केले. काल मांड्या जड होत्या, आज तर भरून आल्यात. जिना चढताना फार त्रास नाही, उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी. बसताना शेवटचं वीतभर अंतर धपकन जातंय.

उतरतानाच जास्त का, याला कारण आहे. पायरी उतरताना किंवा बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू भार पेलता पेलता लांब होत असतो. अशा ताणात स्नायूतंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांत टिपेला पोचतं. थिओडोर हॉ या शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचं वर्णन केलं होतं आणि ते स्नायूतल्या बारीक फाटण्याशी जोडलं होतं. 'लॅक्टिक ॲसिड साठलं' हे मीही वर्षानुवर्षं म्हणत आले, पण व्यायाम थांबल्यावर ते साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

यातली दिलासा देणारी गोष्ट म्हणजे तोच व्यायाम आठवड्याभराने पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं. एका फेरीतच स्नायू सावरायला शिकतो. म्हणून पहिली फेरी लहान हवी. आज पंधरा मिनिटं सपाटीवर चालले, बाकी काही नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

मांड्या मोकळ्या झाल्या. योजना पुन्हा लिहिली.

पहिले चार आठवडे पळणं बंद, फक्त चालणं : २५ मिनिटांपासून ४५ पर्यंत. ताकदीच्या दिवशी जेवढं जमतं त्याच्या निम्म्यावर थांबायचं. बैठका १६ जमतात, तर ८-८ चे दोन संच. जोर ४-४. टाचा डाव्या पायाच्या हिशोबाने, म्हणजे ४-४, आणि उजव्यालाही तेवढ्याच. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, सकाळी डाव्या आणि रात्रीही डाव्याच.

निम्म्यावर थांबणं अंगाला सोपं आणि मनाला जड जातं. आठव्या बैठकीनंतर उभी राहिले तेव्हा श्वास शांत होता, पाय आणखी मागत होते. तरी थांबले.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पाचही दिवस झाले. बैठकांनंतर दुखणं नाममात्र. झोप चांगली.

सोमवार, १५ सप्टेंबर

आज चालताना चढावर दम लागला आणि जानेवारीची मी आठवली. घरी येऊन जुनी वही काढली, दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि अर्धा तास नुसती आकडे लावत बसले. त्यानंतर दिवसभर मन उतरलेलं होतं. मार्चमध्ये मला घरी बसवणारी हीच तुलना होती, हे संध्याकाळी लक्षात आलं.

म्हणून नुसतं वाईट वाटून घेण्यापेक्षा नीट वाचलं. सराव थांबला की काय, कोणत्या क्रमाने जातं? एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये चांगल्या तयारीच्या खेळाडूंचा सराव थांबवून मोजणी केली होती. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांतच ७ टक्क्यांनी उतरली आणि ८४ दिवसांनी १६ टक्क्यांनी. सुरुवातीच्या घसरणीत मोठा वाटा रक्तातल्या द्रवाचा असतो. सराव थांबला की रक्ताचं एकूण प्रमाणच कमी होतं, मग प्रत्येक ठोक्याला हृदय कमी रक्त ढकलतं आणि तेवढ्याच कामाला ठोके जास्त लागतात. माझी ७१ ची नाडी मला यातून समजली. तीत आळसाचा ठपका नाही, हिशोब आहे.

१९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे झालेला प्रयोग तर मनात घर करून राहिला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता घटली होती त्यापेक्षा जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती, असं दिसलं. आणि पन्नाशीत सहा महिने पद्धतशीर सराव केल्यावर वयामुळे झालेली ती घट त्यांनी भरून काढली. पन्नाशीत! हे वाक्य मी दोनदा वाचलं.

जुनी वही ताईकडे ठेवायला दिली. बारा आठवडे झाल्यावरच परत मागेन. आजपासून तुलना १ सप्टेंबरशी.

सकाळची नाडी : ६९.

रविवार, २१ सप्टेंबर

ताई आज बरोबर आली. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, रोज चालते, आणि तिचा वेग बघून मी पहिली दहा मिनिटं गप्प होते.

"अगं, बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

"दम लागतोय."

"मग हळू चल. बोलता येत नसेल तर तुला आज हा वेग नको."

व्यायामशास्त्रात हीच चाचणी मानली जाते : सलग वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला की श्रम जोराचा झाला. मी आतापर्यंत मनगटावरचं घड्याळ दाखवतं त्या हृदयाच्या ठोक्यांवर विसंबत होते. '२२० वजा वय' या सूत्राने माझे कमाल ठोके १७६ येतात, २००१ च्या सुधारित सूत्राने (२०८ वजा वयाच्या ०.७ पट) १७७. दोन्ही सरासऱ्या आहेत, एखाद्या माणसाचा आकडा त्यापासून दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडे-तिकडे असू शकतो. ताईशी बोलणं माझ्यासाठी जास्त नेमकं आहे. वेग उतरवला आणि परत येईपर्यंत आम्ही आईच्या औषधांपासून भाचीच्या परीक्षेपर्यंत सगळं बोललो. ४० मिनिटं.

सोमवार, २९ सप्टेंबर

आजपासून पळणं. १ मिनिट पळायचं, २ मिनिटं चालायचं, अशा ८ फेऱ्या. पहिल्या मिनिटाला पावलांचा आवाज मोठा येत होता, विशेषतः डाव्याचा. तिसऱ्या फेरीपासून पावलं लहान केली तसा आवाज कमी झाला.

आठव्या फेरीनंतर आणखी दोन सहज झाल्या असत्या. केल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात एकूण १६५ मिनिटं झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. म्हणजे ५ किमी अजून लांब असले तरी त्या चौकटीत मी पोचलेय.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सकाळी अंथरुणातून उतरल्यावर डावी टाच मागच्या बाजूने ताठ. पाच-सहा पावलं लंगडत टाकली, न्हाणीघरापर्यंत पोचेतो सैल झाली. चिमटीत धरून पाहिलं तर टाचेच्या हाडापासून तीन बोटं वर, कंडरेच्या (पोटरीच्या स्नायूला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीच्या) आतल्या बाजूला हुळहुळतंय. सूज नाही.

आजपासून २ मिनिटं पळणं, २ मिनिटं चालणं करायचं होतं. पुढे ढकललं.

याचा नीट विचार केला, कारण पुनरागमनात बहुतेकांची गाडी इथेच अडत असावी. शरीराचे भाग एकाच चालीने परत येत नाहीत. रक्ताचं प्रमाण थोड्याच आठवड्यांत वाढतं, म्हणून दम लवकर सुधारतो. स्नायूंनाही जुनं काम आठवतं : एका अभ्यासात (१९९१) स्त्रियांनी २० आठवडे ताकदीचा सराव केला, मग ३० हून अधिक आठवडे थांबल्या, आणि गमावलेलं बरंचसं ६ आठवड्यांत परत मिळवलं. ऑस्लोमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं की सरावाने स्नायूपेशींत वाढलेली केंद्रकं (पेशीचं काम चालवणारे गाभे) स्नायू बारीक झाल्यावरही लगेच नाहीशी होत नाहीत. माणसात हे कितपत तसंच चालतं यावर अजून चर्चा आहे, पण परतीचा प्रवास पहिल्या प्रवासापेक्षा लवकर होतो हा अनुभव मला बैठकांत रोज येतोय.

कंडरेचं तसं नाही. तिला रक्तपुरवठा कमी, तिची घडण सावकाश बदलते, महिने लागतात. त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्याला दम म्हणतो 'चल', स्नायू म्हणतो 'चल', आणि टाच मागे राहिलेली असते. अंगात उत्साह येतो तीच सांभाळायची वेळ.

ठरवलं : पळणं वाढवायचं नाही, बंदही करायचं नाही. गेल्या आठवड्याचंच वेळापत्रक पुन्हा. टाचा उचलण्याचा व्यायाम रोज, तीन मोजत वर, तीन मोजत खाली, दुखलं तर दोन पायांवर. निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या दहा पावलांवर घ्यायचा. ताठरपणा वाढला तर एक पायरी खाली यायचं, तेवढाच किंवा कमी असेल तर चालू. आठवड्यात कमी झाला नाही तर फिजिओथेरपिस्ट बाईंकडे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

टाच बरीच सैल. आज तीन पावलांतच मोकळी.

ताईने चालता चालता विचारलं, "या वेळी चांगलं चाललंय. पण पुन्हा काही झालं, आजारपण, प्रवास, तर काय करशील?"

मी म्हटलं, "पुन्हा सुरू करेन."

"मार्चमध्येही तेच म्हणाली होतीस गं." तिने हे लागेल असं म्हटलं नव्हतं, पण बराच वेळ मी काही बोलले नाही.

तिचं खरं आहे. माझ्याकडे पळण्याची योजना होती, परतण्याची नव्हती. मार्चमध्ये परतायचं म्हणजे काय करायचं, किती, कुठून, हे काहीच ठरलेलं नव्हतं, म्हणून मी सोडलं होतं तिथूनच सुरू करायला गेले. लंडनमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सवयींच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) लागले होते, माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे चुकलेला दिवस सवय मोडत नाही. त्याच्या पुढचा दिवस मोकळा सोडला, तर मात्र घडी विस्कटते.

आज संध्याकाळी वहीच्या पहिल्या पानावर परतीचा नियम लिहिला. तीन दिवसांपर्यंत खंड पडला तर सोडलं तिथूनच पुढे. चार ते दहा दिवस पडला तर पहिल्या दिवशी फक्त बूट घालून दहा मिनिटं चालायचं, घड्याळ घरी ठेवून, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपूर्वीचं वेळापत्रक धरायचं. दहाहून जास्त दिवस गेले तर पुन्हा मोजणी आणि निम्म्यापासून. कितीही दिवस गेले तरी ती दहा मिनिटं वहीत लिहायची.

उद्दिष्टाची ओळही बदलली. 'सलग ५ किमी' खोडलं नाही, त्याच्या वर लिहिलं : 'एकदा खंड पडू दे आणि नियमाप्रमाणे परत ये.'

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

काल रात्रीपासून कणकण, आज ताप. सकाळची नाडी ८१. २ मिनिटांच्या फेऱ्या सोमवारी आणि बुधवारी झाल्या होत्या, टाचेने काही तक्रार केली नव्हती.

अंगात ताप असताना व्यायाम नको, याबाबत डॉक्टर ठाम असतात. विषाणूचा संसर्ग क्वचित हृदयाच्या स्नायूपर्यंत जातो आणि अशा वेळी श्रम धोक्याचे ठरू शकतात. वही उशाशी ठेवलीय. आजची नोंद : विश्रांती.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

ताप उतरून चार दिवस झाले. खोकला गेला, छातीत जडपणा नाही, नाडी ६९. पाय मात्र कापसाचे.

दुपारी दाराशी बूट घेऊन बसले. बुटाची नाडी घट्ट बांधायला वाकले आणि तशीच काही क्षण बसून राहिले. मन म्हणत होतं, आठ दिवस गेलेच आहेत, आणखी दोन गेले तर काय होतंय, एकदम सोमवारी ताजेपणाने सुरू करू. हा आवाज ओळखीचा होता. मार्चमध्ये मी त्याचं ऐकलं होतं. तेव्हा त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आज पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. दुसऱ्या बुटाची नाडी बांधली.

दहा मिनिटं. पाच पुढे, पाच मागे. परत आल्यावर कपाळावर घाम होता आणि श्वास चढलेला, एवढ्याशा चालण्याने. तरीही आजचा दिवस मला या सगळ्या नोंदींतला सर्वांत मोलाचा वाटतो.

सोमवार, ३ नोव्हेंबर

गेला आठवडा १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं असा गेला. आज २-२ च्या सहा फेऱ्या, दम ठीक, टाच ठीक. आजारपणाआधी होते तिथे अकराव्या दिवशी पोचले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

४ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, चार वेळा. डाव्या पायाचा आवाज आता वेगळा ओळखू येत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

बारावा आठवडा संपला. पुन्हा मोजणी, त्याच क्रमाने.

सकाळची नाडी ६४. बैठका ३३. गुडघे टेकून जोर १५, आणि गुडघे न टेकता ३. टाचा : उजवा पाय २३, डावा २०. विसाव्या वेळी पोटरी थरथरत होती पण भिंतीवर दोनच बोटं होती. डोळे मिटून डाव्या पायावर १३ सेकंद.

पळणं : सलग २० मिनिटं, २.६ किमी. शेवटची दोन मिनिटं ताई शेजारून सायकलवर होती आणि मी तिला पूर्ण वाक्यात उत्तरं दिली.

५ किमी झाले नाहीत. आधी वाटलं होतं, या ओळीपाशी हात अडखळेल. तसं झालं नाही. ठरवलेल्या गतीने गेले तर आणखी आठ-दहा आठवडे लागतील, टाच मागे राहिली तर बारा. ताईने जुनी वही आणली होती. घेतली, कपाटात नव्या वहीखाली ठेवली, उघडावीशी वाटली नाही.

मंगळवारपासून पाच दिवस कामासाठी बाहेरगावी आहे, दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेले आहेत, व्यायाम होणार नाही. वहीत २५ ते २९ तारखांपुढे आत्ताच रेघ ओढून ठेवलीय. ३० नोव्हेंबरपुढे लिहिलंय : 'बूट. दहा मिनिटं. घड्याळ घरी.'